पॅरामेडिक व्हायचं असेल तर: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

बारावी सायन्स झाली, रुग्णवाहिकेवर काम करायची मनापासून इच्छा आहे, तर फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या (गंभीर पेशंटसाठी जास्त साधनं असलेल्या) आणि ७०४ बेसिकच्या. या गाड्यांत चालकासोबत डॉक्टर ठेवला गेला, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला. दुसऱ्या अनेक राज्यांत त्या जागी ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) असतो. त्यामुळे ‘कोर्स करा, १०८ वर लागाल’ असं कुणी सांगितलं, तर कोणत्या पदावर लागणार, हे आधी विचारा. आपल्याकडे पॅरामेडिकला काम मिळतं ते मुख्यतः मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत, आयसीयूत, खासगी कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर आणि कारखान्यांत. पाचशेवर कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष (प्रथमोपचाराची खोली) हवा, ही अट १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनची आहे. एमआयडीसी आणि साखर कारखान्यांतही चौकशी करून ठेवा.

‘सहा महिन्यांत पॅरामेडिक’ अशा जाहिरातींना भुलू नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत विभागलेलं असावं लागतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) तीन वर्षांचा आहे, वर एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शाखा न बघता प्रवेश घेणं. लॅब, ऑपरेशन थिएटर, रेडिओलॉजी हे सगळं याच नावाखाली येतं. लॅबची शाखा घेतली की नोकरीही लॅबमध्येच मिळणार. इमर्जन्सी किंवा ट्रॉमा असं स्पष्ट लिहिलेलीच शाखा घ्या.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, कॅज्युअल्टी बघा. मिरज-सांगलीची शासकीय रुग्णालयं, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय इथे पेशंटची वर्दळ मोठी आहे. यंदा कोणत्या शाखा आहेत, ते तिथे जाऊन विचारा. शिकणाऱ्या मुलांनाही भेटा: कॅज्युअल्टीत रात्रपाळी किती आठवडे असते? गाडीवर पाठवतात का? छातीवर दाब द्यायचा सराव पुतळ्यावर प्रत्येकाकडून करून घेतात की एकजण करतो आणि बाकीचे बघतात? मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, हे पाठ सगळ्यांचं असतं. पण दोन मिनिटांत हात थकतात आणि खोली कमी होते. ते कळायला प्रत्यक्ष करावंच लागतं.

ऑक्सिजनचा हिशेब तर पहिल्या महिन्यातच पक्का करा. गाडीतल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दहा लिटर पाणी मावतं. मीटरवरचा बारमधला दाब गुणिले दहा म्हणजे शिल्लक लिटर. भरलेला १५० दाखवतो, म्हणजे १५००. रिझर्व्हॉयर मास्कवर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेल्या मास्कवर) मिनिटाला १५ लिटर सोडले तर १०० मिनिटं पुरेल. काटा ६० वर असेल तर ४० मिनिटं. महाबळेश्वरहून साताऱ्याला घाट उतरून यायला दीड तास सहज जातो, आणि सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात गाड्या अडकल्या की त्याहून जास्त. त्यामुळे निघण्याआधी काटा बघायचा, दुसरा सिलिंडर आणि चावी जागेवर आहे ना हेही बघायचं. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस कधीच लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबताना घाईच नडते. नुसता श्वास बंद असेल, नाडी लागत असेल, तर सहा सेकंदांना एक. घाबरून भराभर दाबली की हवा पोटात जाते, उलटी होते आणि छातीतला दाब वाढून हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं.

आपल्या भागाची दोन दुखणी वेगळी शिकून घ्या. पहिलं, कीटकनाशक औषध प्यालेला किंवा फवारणीत बाधलेला पेशंट. तासगावच्या द्राक्षबागांत असे प्रसंग येतात. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर ही ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची खूण. हातमोजे घालून कपडे उतरवा, पिशवीत बांधा, अंग साबणानं धुवा, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर वासानं तुम्हालाही त्रास होतो. उलटी करवू नका. सक्शन (तोंडातला फेस-लाळ ओढून काढायचं यंत्र) हाताशी ठेवा आणि बाटली सोबत घ्या, म्हणजे औषधाचं नाव डॉक्टरांना लगेच कळेल.

दुसरं, उसातला सर्पदंश. घट्ट बांधायचं नाही, चीर द्यायची नाही. अंगठी, जोडवी काढा, चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवा, पेशंटला चालवू नका. पापण्या जड होऊ लागल्या तर नाग किंवा मण्यार असण्याची शक्यता धरा आणि श्वास थांबण्याआधी बॅग हातात घ्या. जिथे नेताय तिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत का, हे वाटेतून फोन करून विचारा.

शिकत असतानाच वाहन परवाना काढून घ्या. जत भागात काम करायचं असेल तर बोलण्यापुरतं कन्नडही शिका. ‘कुठं दुखतंय’ एवढं विचारता आलं तरी म्हाताऱ्या पेशंटचा जीव भांड्यात पडतो. कोर्स झाला की राज्याच्या परिषदेत नोंदणी करा. नोंदणी क्रमांक नसताना कामावर घ्यायला तयार असलेल्या ठिकाणी जाऊ नका.