शेजाऱ्याला न्यायला आयसीई आली तर: या चुका टाळा

2025 चा ऑक्टोबर. शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात, गल्लीच्या टोकाच्या लॉनवर एक लीफ ब्लोअर पडला होता. चालूच होता. एकाच जागी गुरगुरत समोरची चार पानं हलवत होता. बाजूला पिकअप, दोन्ही दारं सताड उघडी, कपहोल्डरमध्ये वाफ येणारी कॉफी. माणसं मात्र नव्हती.

समोरच्या घरातल्या ऐंशीच्या घरातल्या गोऱ्या आजी बाहेर आल्या, वाकून ब्लोअर बंद केला आणि म्हणाल्या, "तिघं होते. चार वर्षं माझं गवत कापताहेत. मला एकाचंही नाव माहीत नाही."

8 सप्टेंबरला इथे 'ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ' नावाची आयसीईची, म्हणजे इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या फेडरल खात्याची, धरपकड मोहीम सुरू झाली, डिसेंबरपासून मिनिआपोलिसमध्ये त्याहून मोठी धरपकड झाली. त्या काळात मी, माझी बायको आणि गल्लीतल्या दहा-बारा घरांनी जमेल तशी मदत केली. चुकाही भरपूर केल्या. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते माहिती म्हणून घ्या, स्वतःच्या केससाठी वकीलच गाठा.

"आपण लीगल, आपला काय संबंध?"

मराठी घरांतून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. पण ते बाजूला ठेवू. आपले व्हिसावाले काय करतात? पासपोर्ट लॉकरमध्ये, आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) कुठल्या तरी जुन्या ईमेलमध्ये, आणि खिशात फक्त ड्रायव्हिंग लायसन्स. 18 वर्षांवरच्या प्रत्येक बिगर-नागरिकाने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा हा नियम जुनाच आहे. पूर्वी कुणी विचारत नव्हतं, आता विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर ते पाकिटात हवं, एच-वन किंवा व्हिजिटर असेल तर आय-94 ची प्रिंट. भारतातून आलेले आई-बाबा सकाळी साडीवर स्पोर्ट्स शूज घालून ट्रेलवर फिरायला जातात ना, त्यांच्याही खिशात ती प्रिंट आणि तुमचा नंबर कागदावर लिहून द्या. फोनची बॅटरी संपते, आणि मुलाचा नंबर पाठ कुणालाच नसतो.

लॉस एंजेलिसमध्ये वर्ण, भाषा, कामाची जागा एवढ्यावरून लोकांना थांबवायला खालच्या कोर्टाने मनाई केली होती. सुप्रीम कोर्टाने 8 सप्टेंबर 2025 ला ती तात्पुरती उठवली. आपला रंग कोणता, ते आरशात पाहा.

एक गोष्ट जिवावर बेतलं तरी करू नका: नागरिक नसताना "मी सिटिझन आहे" असं म्हणणं. घाबरून तोंडातून गेलेलं हे एक वाक्य पुढचे जवळजवळ सगळे रस्ते कायमचे बंद करू शकतं. गप्प राहायचा हक्क आहे. खोटं बोलायचा नाही.

गाडी दिसली की फॉरवर्ड

ही चूक माझी स्वतःची. शाळेच्या कोपऱ्यावर काळ्या काचांची पांढरी व्हॅन दिसली, मी फोटो काढून चार ग्रुपवर टाकला: "आयसीई शाळेपाशी!" वीस मिनिटांत तो मेसेज स्पॅनिश होऊन माझ्याकडेच परत आला, तोवर त्यात तीन व्हॅन झाल्या होत्या. आया मुलांना न्यायला धावल्या. घरकाम करणारी एक बाई अर्धं काम टाकून निघाली, त्या दिवसाचे पैसे बुडाले. व्हॅन इंटरनेटची वायर टाकणाऱ्याची होती. शिडी मागच्या बाजूला होती, म्हणून मला दिसली नव्हती.

तेव्हापासून आम्ही सहा गोष्टी सांगितल्याशिवाय मेसेज पुढे जाऊ देत नाही: किती माणसं, काय करताहेत, नेमकी कुठे, अंगावर काय आणि व्हेस्टवर काय लिहिलंय, किती वाजता पाहिलं, जवळ काय सामान किंवा हत्यार. यातलं निम्मं माहीत नसेल तर जवळच्या माणसाला लांबून पाहून यायला सांगायचं. आणि खोटं निघालं तर "खोटं होतं" हेही तितक्याच जोरात कळवायचं. हे कुणी करत नाही, कारण लाज वाटते. तासाभराने जुना मेसेज परत फिरू लागतो आणि पुन्हा तीच पळापळ.

शिकागोत गळ्यात शिट्टी अडकवून फिरायची पद्धत पडली. तुटक शिट्ट्या म्हणजे गाड्या आसपास आहेत, लांब शिट्ट्या म्हणजे कुणाला तरी धरलंय. पण संकेत गल्लीगल्लीत वेगळे असू शकतात, आधी विचारून घ्या. मुलांच्या हातात शिट्टी देऊ नका, दोन दिवसांत तिचा अर्थच संपतो.

"या ना, आत या"

आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे, दारात कुणी आलं की आत बोलवायचं. इथे तेच नडतं. दारात दाखवतात ते वॉरंट दोन प्रकारचं असतं. आय-200 किंवा आय-205 क्रमांकाचा कागद आयसीईच्याच अधिकाऱ्याने सही केलेला असतो. त्याच्या बळावर, घरच्यांनी होकार दिल्याशिवाय घरात शिरता येत नाही, हाच कायद्याचा आजवरचा सर्वमान्य अर्थ. दुसरं न्यायाधीशाच्या सहीचं, वर कोर्टाचं नाव असलेलं. त्याला अडवता येत नाही. म्हणून दार बंद ठेवूनच म्हणायचं: कागद दाराखालून सरकवा, किंवा खिडकीला लावा. मग सही कुणाची ते वाचायचं. व्हेस्टवर 'पोलिस' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

आता अडचण. आय-205 च्या आधारे दार तोडूनही शिरता येईल, असं सांगणारा आयसीईचा मे 2025 चा अंतर्गत मेमो जानेवारी 2026 मध्ये बाहेर आला. म्हणजे कागद बरोबर वाचूनही दार तुटू शकतं. अशा वेळी अंगाने अडवू नका. "माझी संमती नाही" हे मोठ्याने, दोनदा म्हणा, आणि कुणीतरी ते रेकॉर्ड करा. नंतर कोर्टात वकिलाच्या उपयोगाला हेच येतं.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खालच्या दाराचं बटण न विचारता दाबू नका. पार्सलवाला म्हणून तुम्ही ज्याला आत घेता, तो तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो.

मध्ये पडणं, आणि चुकीचं चित्रण करणं

रस्त्यावर, सार्वजनिक जागी अधिकाऱ्यांचं चित्रण करता येतं. पण आमच्या पहिल्या व्हिडिओत काय होतं? रडणाऱ्या माणसाचा चेहरा अगदी जवळून, आणि पार्श्वभूमीला माझा आरडाओरडा. अधिकाऱ्याचा बॅज नाही, गाडीची नंबरप्लेट नाही, रस्त्याचं नाव नाही. तो व्हिडिओ वकिलाच्या काहीच कामाचा नव्हता, त्या माणसाच्या मुलीला मात्र शाळेत दाखवला गेला.

कॅमेरा अधिकाऱ्यांकडे ठेवा. सुरुवातीला तारीख, वेळ आणि चौक बोलून घ्या, मग गप्प बसा. "मागे व्हा" म्हटलं की मागे व्हा, आणि मागे होतोय हे बोलून दाखवा. हात लावू नका, गाडी आडवी घालू नका. लाइव्ह तर मुळीच टाकू नका. व्हिडिओ आधी घरच्यांना किंवा वकिलाला, आणि पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. फोन चेहऱ्याने किंवा बोटाने उघडत असेल तर ते बंद करून पासकोड ठेवा.

एवढं सांभाळलं की धोका टळतो, असं मी म्हणणार नाही. मिनिआपोलिसमध्ये 7 जानेवारी 2026 ला स्वतःच्या गाडीत बसलेली एक बाई, आणि 24 जानेवारीला फोनवर चित्रण करणारा आयसीयूतला एक नर्स, दोघेही फेडरल एजंटांच्या गोळ्यांनी गेले. दोघेही अमेरिकेचे नागरिक, दोघेही 37 वर्षांचे. बाहेर पडायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. आमच्या गल्लीत जे बाहेर पडत नाहीत ते फोन सांभाळतात. कुणाला कमी लेखत नाही.

आणखी एक गैरसमज: 911 ला फोन केला की स्थानिक पोलिस येऊन आयसीईला थांबवतील. इलिनॉयच्या 2017 च्या ट्रस्ट अ‍ॅक्टमुळे इथले पोलिस इमिग्रेशनच्या धरपकडीत हात घालत नाहीत, पण फेडरल माणसांना अडवतही नाहीत.

नाव न विचारणं, आणि नको ते लिहून ठेवणं

परत त्या लॉनवर येऊ. तिघांना शोधायचं ठरलं. आयसीईच्या ऑनलाइन लोकेटरवर कोठडीतला माणूस शोधायला एकतर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्याला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश लागतो, नाहीतर पूर्ण नाव आणि जन्मदेश, आणि नाव स्पेलिंगसकट त्यांच्या नोंदीशी जुळावं लागतं. आमच्याकडे होतं फक्त पिकअपच्या दारावरचं स्टिकर. स्टिकरवरच्या नंबरावर फोन करून, मालकाकडून तिघांतल्या एकाच्या बायकोचा नंबर मिळवून, तिच्याकडून नाव कळेपर्यंत संध्याकाळ झाली. शिकागोतून उचललेल्यांना ब्रॉडव्ह्यूच्या आयसीई केंद्रात नेत आणि तिथून अनेकांना लवकरच दुसऱ्या राज्यात हलवत. सुटकेचा हेबियस अर्ज माणूस ज्या जिल्ह्यात कोंडलाय तिथल्या कोर्टात करावा लागतो. म्हणून पहिले काही तासच खरे.

स्पॅनिश नावात बहुतेकदा दोन आडनावं असतात. लोकेटरवर सापडलं नाही तर दोन्ही टाकून, एकच टाकून, जोडून, उलटं करून पाहा. आपल्याला हे नवीन नको: पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असलेल्या किती भारतीयांचं पहिलं नाव अमेरिकेच्या कागदावर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) झालंय! 18 वर्षांखालची मुलं लोकेटरवर दिसत नाहीत. मोठी माणसंही लगेच दिसतील असं नाही, दर दोन तासांनी पाहत राहा.

कुणाला नेताना तुम्ही तिथे असाल तर लांबून एकच प्रश्न मोठ्याने विचारा, "कोमो से यामा?" म्हणजे नाव काय. नाव आणि घरचा एक नंबर मिळाला तर दहा व्हिडिओंचं काम झालं.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. आयटीवाल्यांची खोड: गूगल शीट. घर नंबर, नावं, कुणाचे कागद आहेत, कुणाचे नाहीत, रंगीत रकाने. एका निवृत्त वकीलबाईंनी ती शीट पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ही यादी त्यांच्या हाती पडली, तर त्यांना आणखी काय लागेल?" पाच मिनिटांत उडवली. कुणाचं स्टेटस विचारायचंच नाही. त्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने आपलाच एक लिफाफा भरायचा आणि आपल्या विश्वासातल्या एकाकडे द्यायचा. पासपोर्टवर आहे तसं नाव, जन्मतारीख, जन्मदेश, ए-नंबर असेल तर तो, औषधं, वकिलाचा नंबर, मुलांना शाळेतून कोण आणेल. त्या शेवटच्या माणसाचं नाव शाळेच्या यादीतही हवं, नाहीतर शाळा मूल सोडत नाही. तात्पुरतं पालकत्व देण्याचे फॉर्म राज्याराज्यांत वेगळे आहेत, मिनेसोटातला एक वर्षापर्यंत चालतो.

न विचारता डबा

बायकोने पहिल्या आठवड्यात छोले, भात, शिरा असा भरलेला डबा एका घरी पाठवला. त्या घरी लागत होते चार नंबरचे डायपर. आता विचारूनच नेतो: दूध, टॉर्टिया, तापाचं औषध, लाँड्रीसाठी नाणी. शिकागोत काही सायकलवाले सकाळी रस्त्यावर तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) विकणाऱ्यांचा सगळा माल विकत घ्यायचे आणि त्यांना घरी पाठवायचे. तो माल वाटून टाकायचे. मला ही कल्पना फार आवडली, कारण तिच्यात कुणाला हात पसरावा लागत नाही.

वाणसामान पोचवणं, मुलांना शाळेपर्यंत चालत सोडणं, कोर्टात नेणं हे शेजाऱ्याचं काम. कुणाला तपासापासून लपवून ठेवणं वेगळं, त्यावर फेडरल कायद्याचं 1324 कलम लागू शकतं. सीमारेषा धूसर वाटली तर वकिलाला आधी विचारा.

ओळखीचा माणूस, सही आणि कॉन्सुलेट

'नोटारिओ' ही पाटी पाहून फसू नका. लॅटिन अमेरिकेत नोटारिओ म्हणजे वकिलाच्या तोडीचा माणूस, इथे नोटरी म्हणजे फक्त शिक्का मारणारा. आपल्यातले "सगळं करून देतो" म्हणणारे कन्सल्टंटही त्याच माळेचे. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, म्हणून विश्वासातल्या संस्थांचे हेल्पलाइन नंबर आधीच कागदावर हवेत. इलिनॉयमध्ये आयसीआयआरआर ही संस्था त्यासाठी ओळखली जाते. आत असलेल्याला एकच निरोप पोचवा: वकिलाशी बोलल्याशिवाय सही नाही. "सही कर, लवकर घरी जाशील" यातलं घर बऱ्याचदा ग्वाटेमालातलं असतं.

भारतीय माणूस अडकला तर आपल्याला आधी कॉन्सुलेट आठवतं. व्हिएन्ना करारानुसार त्याला दूतावासाशी संपर्क मागता येतो. मात्र तो त्याने मागायचा. आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाच्या वतीने तुम्ही परस्पर फोन केलात, तर ज्या सरकारपासून संरक्षण मागतोय त्यालाच तो कुठे आहे हे कळवल्यासारखं होतं.

गाड्या गेल्या की ग्रुप बंद

धरपकड थांबली की ग्रुपवर गुड मॉर्निंग सुरू होतं. पण भाडं थकलेलं असतं, पिकअप टोइंगवाल्याच्या अंगणात रोजचं भाडं चढवत असते, आणि सुनावणीची तारीख येऊन ठेपलेली असते. ती चुकली तर माणसाच्या गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. भीतीने कोर्टात न जाणं ही सगळ्यात महागडी चूक. आम्ही तारखा कॅलेंडरवर नुसत्या "डेंटिस्ट" म्हणून लिहितो.

त्या तिघांपैकी एक जण नोव्हेंबरच्या शेवटी सुटून आला. अंगावर ऑक्टोबरचाच पातळ हूडी. आजींच्या गॅरेजमधून त्याने ब्लोअर घेतला, तेव्हा त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. त्याने सावकाश चार शब्द लिहिले, दोन नावं, दोन आडनावं, खाली जन्मतारीख आणि सुनावणीची तारीख. आजी मॅग्नेट घेऊन तो फ्रिजवर लावायला निघाल्या. मी म्हटलं, फ्रिजवर नको, कपाटात ठेवा. दारातून दिसतो.