‘ताईशीच बोलेन’ म्हणणारी मुलगी

समाजकार्याची पदवी हातात पडली की दरवर्षी जून-जुलैत चार-दोन मुली मला भेटायला येतात आणि मानसिक आजारातून सावरणाऱ्या मुलींच्या निवासी केंद्रात काम धरावे का, असे विचारतात. पगार, रात्रपाळ्या आणि राहण्याची सोय एवढे विचारून झाले की त्या उठू लागतात. मी त्यांना पुन्हा बसवते, कारण ज्या गोष्टीने मला तोंडघशी पाडले ती या तिन्हींत कुठेच येत नाही.

जळगाव जिल्ह्यातील ज्या केंद्रात मी सात वर्षे काम करते आहे तिथे रुग्णालयातून सोडलेल्या, पण घरी पाठवण्याइतक्या अजून न सावरलेल्या मुली राहतात. कुणी जीव देण्याचा प्रयत्न केलेला असतो, कुणाला आवाज ऐकू येतात, कुणी स्वतःला इजा करून घेते. अठरा वर्षांखालील मुलीही आमच्याकडे असतात, पण त्यांची व्यवस्था वेगळी असते. बहुतेकींच्या घरच्यांनी आधी ‘बाहेरचे झाले आहे’ असे समजून भगताकडे फेऱ्या मारलेल्या असतात. त्यावरून आईबापांना बोल लावू नका. राज्यातील जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, आणि भगत मात्र चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी अमळनेरच्या बाजूची एक सतरा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) समुपदेशक मॅडमसमोर ती भिंतीकडे तोंड करून बसत असे. एका रात्री मी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाचा लसूण सोलत बसले होते, तेव्हा ती न बोलावता शेजारी येऊन बसली आणि एकेक पाकळी हातात घेत अहिराणीत बोलू लागली. मीही पारोळ्याकडची असल्यामुळे घरच्या बोलीत उत्तर दिले. आठवडाभरात तिने जाहीर करून टाकले, “मी तुनासंगेच बोलसू.” बैठकीत माझे कौतुक झाले, आणि कबूल करते, मला ते फार गोड लागले. मी तिला माझा स्वतःचा मोबाइल नंबरही दिला.

मग एका रात्री तिने सांगितले, की दहा दिवसांपासून ती गोळी गालात धरते आणि न्हाणीघरात जाऊन थुंकते. लगोलग म्हणाली, “ताई, वहीमा लिखू नको.” मी तिची समजूत घातली, उद्यापासून गोळी घेण्याचे वचन तिच्याकडून घेतले आणि नोंदवहीत लिहिले, ‘रात्र शांत. दोनदा उठून बसली.’ त्यानंतर दोन दिवसांनी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवसांच्या रजेवर माहेरी गेले. तिथे झोका, गाणी आणि आईच्या हातचे जेवण यांत फोन घरातल्या कोनाड्यात पडून राहिला.

तिसऱ्या संध्याकाळी मी तो हातात घेतला तेव्हा त्यावर अकरा मिस्ड कॉल होते. इकडे ती दोन रात्री झोपली नव्हती आणि जेवत नव्हती. पाळीवरच्या सहकारी बाईंना ती माझ्यासाठी रुसली आहे असे वाटले, आणि त्यांना दुसरे काही वाटण्याचे कारणच मी ठेवले नव्हते, कारण गोळ्या सुटल्याचे जगात फक्त दोघींना ठाऊक होते: एक आजारी होती आणि दुसरी झोक्यावर. भिंतीवर डोके आपटू लागल्यावर तिला रात्रीच सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. ती सावरली. आज ती घरी आहे. पण आखाजीचा झोका मला पूर्वीसारखा लागत नाही.

हे मी इतके उगाळते आहे, कारण हा सापळा दिसतो यशासारखा. मुलगी बोलू लागते, वरिष्ठ खूश होतात, तुम्हालाही आपण काहीतरी आहोत असे वाटते, आणि त्याच वेळी तिच्यासाठी बाकीची सारी दारे एकेक करून बंद होत असतात. केंद्रात चोवीस तासांत तीन पाळ्या बदलतात. तुम्ही त्यांतील एका पाळीला असता, आणि साप्ताहिक सुटी, आजारपण, लग्नकार्य धरले तर त्याहूनही कमी. जी गोष्ट नोंदवहीत नाही ती पुढच्या पाळीसाठी घडलेलीच नसते. गुपित राखल्याने मुलीचा विश्वास टिकतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तिचा आजार माझ्या पाठीमागे लपला आणि मी त्याला आडोसा दिला.

म्हणून पहिल्याच दिवशी, तिने काही सांगण्याच्या आत, तिला स्वच्छ सांगा, की तुझे बोलणे मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल, औषध सुटले असेल किंवा कुणी त्रास दिला असेल तर मी मॅडमना आणि डॉक्टरांना सांगेन, आणि त्यांना सांगण्याआधी तुला सांगेन. अठराखालील मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले तर तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. इतके ऐकून मुलगी चार दिवस अबोला धरेल. धरू द्या.

एका महिन्यात समुपदेशक बनवणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांविषयी माझे मत वाईट आहे, आणि केंद्रात येऊन ‘सकारात्मक विचार करा’ असे तासभर सांगून जाणाऱ्या वक्त्यांविषयी त्याहून वाईट. मला हे काम आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी शिकवले. मुलगी भडकली की दारात उभे राहायचे नाही, तिची वाट मोकळी ठेवायची, एकीनेच बोलायचे, बाकीच्या मुलींना दुसऱ्या खोलीत न्यायचे आणि आपण खाली बसायचे, हे त्यांना कुणी न शिकवता येत होते. रात्रीच्या फेरीत टॉर्च तोंडावर न मारता पायथ्याकडून जमिनीवर धरायचा आणि पांघरूण हलते का ते पाहायचे, हेही त्यांचेच. चिडलेल्या मुलीला खोलीत कोंडून ठेवण्याचा सल्ला देणारे वरिष्ठ मात्र तुम्हाला भेटतील. त्यांना नम्रपणे सांगा, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ ने एकांतात कोंडण्यास पूर्ण मनाई केली आहे.

मरणाविषयी विचारल्याने ते डोक्यात शिरते, अशी भीती नव्या मुलींना हमखास असते. ती खरी नाही. आडवळणाने विचाराल तर उत्तरही आडवळणाने येईल, मी सरळ विचारते, “तुले मरी जावासारखं वाटस का?” आणि मग गप्प बसते. सातपुड्यातून आलेल्या पावरी बोलणाऱ्या मुलींपुढे मात्र माझी ही भाषा लंगडी पडते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल पुस्तकात फारसे सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना लिथियम घेणाऱ्या मुलीच्या अंगातील पाणी आणि मीठ कमी झाले, तर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक होऊ शकते. एकदा दुपारी एका मुलीच्या हातातील स्टीलचा पेला ताटाच्या कडेवर टकटक वाजू लागला. तिने आदल्या दिवशी निर्जळी उपवास केला होता. हात थरथरणे, उलट्या-जुलाब, अडखळती चाल, जड झालेली जीभ यांपैकी काहीही दिसले तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून कांद्याचा रस लावत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा.

हे वाचून घाबरला असाल तर तेही चुकीचे ठरेल. सहा महिने झोप बिघडेल, घरी आल्यावर बोलावेसे वाटणार नाही, नंतर ते बसते. फारच जड झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते; १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा फक्त रुग्णांसाठी आहे असे समजू नका. मी स्वतः दोनदा फोन केला आहे.

यंदाही मी आखाजीला गेले. जाण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी नव्या सहकारी मुलीला माझ्या शेजारी बसवले आणि मला चिकटू पाहणाऱ्या मुलीला सांगितले, की मी मंगळवारी दुपारी परत येईन, तोवर या ताई आहेत. ती फुगून निघून गेली. परतल्यावर मी आधी नोंदवही उघडली. पहिल्या रात्रीची नोंद अशी होती: ‘ताई कधी येणार असे तीनदा विचारले. माझ्याशी बोलली नाही. गोळी घेतली, तोंड तपासले. ८.२० ला दीड भाकरी व शेवभाजी.’