पॉवर मीटरविना घाटावर आपली ताकद मोजताना

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागल्यावर ऐंशी किलोचा जो सायकलस्वार सहज पुढे निघून जातो, तोच दौलताबादचा घाट चढून खुलताबादकडे जाताना अनेकदा साठ किलोच्या सोबत्याच्या मागे पडतो. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते आणि वजन वाढले तरी वाऱ्याला अडणारे अंग त्या प्रमाणात वाढत नाही. चढावर मात्र प्रत्येक किलो वर उचलावाच लागतो. म्हणून सपाटीसाठी एकूण वॅट (ताकद मोजण्याचे एकक) पाहावेत आणि घाटासाठी दर किलोमागचे वॅट.

सायकलवर बसवायचे ताकद मोजणारे यंत्र, म्हणजे पॉवर मीटर, नसेल तर मोजणीसाठी साधारण एकसारख्या चढाचा टप्पा निवडावा आणि नकाशावरून त्याची उंची काढावी. स्वतःचे, सायकलचे, पाण्याचे व कपड्यांचे मिळून वजन घ्यावे. हे वजन, ९.८१ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा आणि मीटरमधील उंची यांचा गुणाकार करून त्याला लागलेल्या सेकंदांनी भागावे. समजा, एकूण वजन ८२ किलो आहे आणि पाच टक्के चढाच्या २.४ किलोमीटरच्या टप्प्यात १२० मीटर उंची १० मिनिटांत गाठली, तर उत्तर सुमारे १६१ वॅट येते. टायरचे घर्षण, हवा आणि साखळीत वाया जाणारी ताकद यांसाठी येथे आणखी ४० वॅट धरावेत, म्हणजे सुमारे २०० वॅट झाले. स्वाराचे वजन ७० किलो असल्यास दर किलोमागे सुमारे २.९ वॅट पडतात. वारा असेल त्या दिवशीचा आकडा फसवा असतो; मोजणी पहाटेच करावी आणि दर वेळी त्याच टप्प्यावर करावी.

ताकद तेवढीच ठेवून पाच किलो वजन उतरले, तर याच टप्प्यावर सुमारे अर्धा मिनिट वाचतो. मात्र उपाशी राहून स्नायूच झिजवले, तर वॅटही घटतात आणि हाती काही लागत नाही. सायकल हलकी करण्यावर हजारो रुपये घालण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

पाण्यात मात्र काटकसर नको. भरलेल्या दोन बाटल्यांचे दीड किलो या चढावर दहाएक सेकंद खातात, पण मराठवाड्यातील उन्हाळ्यात त्या बाटल्यांवाचून घाटमाथा गाठण्याचे धाडस कोणी करू नये.