जर्सी सिटीत नवीन आलात? आधी ती खोकी बाहेर काढा

नवीन आलेल्या मंडळींना एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) कधी मिळतो, लायसन्स कसं काढायचं, कुठल्या स्टेशनजवळ घर घ्यावं हे सगळं सांगणारे शंभर जण भेटतात, पण झुरळांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अमेरिकेत कसली आलीत झुरळं असं वाटत असेल तर इथल्या जर्नल स्क्वेअर स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगमध्ये रात्री एक वाजता किचनचा लाईट लावून बघा. आणि ही आपल्याकडची मोठी उडणारी झुरळं नव्हेत, ही बारकी, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे, लांबी फार तर दीड सेंटिमीटर. यांना जर्मन कॉक्रोच म्हणतात आणि मोठ्या झुरळापेक्षा ही कितीतरी जास्त त्रासदायक, कारण ती घराबाहेर जगत नाहीत, तुमच्या घरातच जन्म आणि घरातच मुक्काम.

आता मुद्द्याचं. आपली लोकं घाण नसतात, ओटा रोज पुसला जातो, सिंक घासलं जातं, तरी झुरळं होतात आणि मग बाई रडकुंडीला येते की एवढं स्वच्छ ठेवून पण का. स्वच्छता वेगळी आणि अडगळ वेगळी. ओटा चकाचक आहे पण फ्रीजच्या वर सहा रिकामी खोकी, सिंकखाली पिशव्यांनी भरलेली पिशवी, क्लोजेटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, टीव्हीचं, मायक्रोवेव्हचं, मुलाच्या कारसीटचं खोकं. झुरळाला खायला चिमूटभर पुरतं, त्याला खरं हवं असतं ते अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटेल अशी अंधारी फट, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला त्या घड्या-घड्यांच्या फटी आयत्याच असतात, वर खळीचा डिंक असतो तो पण ती खातात. त्यांच्या विष्ठेत असा वास असतो की बाकीची झुरळं त्याच जागी गोळा होतात, म्हणून एका खोक्यात दोन दिसली की आत वसाहत आहे असं समजायचं. मादी अंड्यांची पिशवी अंगाला मागे चिकटवून फिरते, पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत सोडत नाही, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. म्हणजे दुकानातून किंवा मित्राच्या घरून आलेल्या एका खोक्यातून एक मादी आली तरी काम झालं.

आपण हे साठवतो का, याची माझ्या मते दोन कारणं आहेत. एक म्हणजे पुण्यात-ठाण्यात दर महिन्याला रद्दीवाला येतो, वजन करून पैसे पण देतो, त्यामुळे पेपर, पुठ्ठा, डबे आपोआप घराबाहेर जातात. इथे रद्दीवाला नाही, खोकं स्वतः चपटं करून रिसायकलिंगच्या दिवशी खाली न्यायचं आणि थंडीत ते कोण करणार. दुसरं म्हणजे मनात कायम असतं की हे तात्पुरतं घर आहे, लीज वर्षाची, व्हिसाचं काय होईल माहीत नाही, खोकी लागतीलच. नाही लागत हो. लागली तर नवीन कोरी खोकी शिफ्टिंगच्या आठवड्यात विकत मिळतात, त्या दोन-तीन डॉलरसाठी वर्षभर घरात झुरळांची सोय करायची गरज नाही.

किचनमध्ये आपल्या खास जागा असतात तिकडे आधी बघा. ओव्हन! आपण ओव्हन वापरत नाही, त्यात कढया, तवे, जुने पेपर भरून ठेवतो, आणि खालच्या ड्रॉवरमध्ये उरलेलं सगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गारठा पडला की उंदीर आत येतात, बारक्या उंदराला जेमतेम पाऊण सेंटिमीटरचं भोक पुरतं, आणि शेगडीभोवतीच्या इन्सुलेशनच्या कापसात त्यांची घरटी सापडतात, वर फाडायला पेपर तुम्हीच दिलेला. गॅसच्या पाईपभोवतीची भोकं स्टीलवूल कोंबून बंद करा, नुसता फोम कुरतडतात. मग देवघर, जे बहुतेक घरात किचनच्या एखाद्या कपाटात असतं, साखर-खोबऱ्याचा नैवेद्य, सांडलेलं तेल, जुन्या वाती, काडेपेट्या, वाळलेली फुलं. देव रागावत नाही, रात्री नैवेद्याची वाटी उचला. आणि इंडियातून आणलेल्या मिक्सरचा तो जड ट्रान्सफॉर्मर कायम प्लगमध्ये गरम राहतो, त्याच्या मागे-खाली बघत जा, झुरळांना ऊब आवडते.

धान्याचं सांगते. ओक ट्री रोडवर, म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, सेल लागला की वीस पौंड तांदूळ, दहा पौंड तूरडाळ, शिवाय गहू-पीठ-बेसन, घरात माणसं दोन. सहा महिन्यांनी कपाटात बारकी पाखरं उडायला लागतात, डाळीत जाळी आणि अळ्या. या अळ्या पातळ प्लॅस्टिकची पिशवी सहज कुरतडतात, म्हणून पिशवीला रबरबँड लावून काही होत नाही. घट्ट झाकणाच्या बरण्या घ्या, नवीन पीठ-डाळ आणली की चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये टाका, अंडी मरतात, आणि मग बरणीत भरा. जुन्यात नवीन ओतू नका, हे आई पण सांगत होती.

ढेकणांचं गणित वेगळं. ते रक्तच पितात, त्यांना तुमच्या डाळीशी घेणंदेणं नाही, स्वच्छ घरातही होतात. पण पलंगाखाली त्या दोन मोठ्या बॅगा, त्यात स्वेटर, बाजूला कपड्यांचा ढीग, असं असलं की शोधायचे कुठे आणि औषध मारायचं कुठे. प्रवासाहून आलात की कपडे सरळ ड्रायरमध्ये, हाय हीटवर अर्धा तास, आणि बॅगा मोठ्या झिपच्या पिशवीत बंद करून क्लोजेटमध्ये. आणि कृपा करून महिनाअखेरीला फुटपाथवर ठेवलेली गादी, सोफा उचलून आणू नका, कितीही छान दिसला तरी. लाकडी टेबल एकवेळ चालेल, ते पण नीट उलटं-पालटं करून सांधे बघून.

झालंच असेल तर काय करायचं. इंडियातून लक्ष्मणरेषेचा खडू आणू नका, असले कीटकनाशक खडू इथे बेकायदा आहेत आणि रांगत्या मुलाच्या हाताला लागतात. दुकानात मिळणारे फॉगर, म्हणजे खोलीभर धूर सोडणारे डबे, जर्मन झुरळांवर फारसे चालत नाहीत हे २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात खऱ्या घरांमध्ये तपासून झालंय, औषध जमिनीवर-ओट्यावर पडतं आणि झुरळं फटीत सुखरूप. चालतं ते जेल, म्हणजे झुरळांनी खायचं विषारी आमिष, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरींच्या कोपऱ्यात, आणि जेल लावलं की त्यावर स्प्रे मारायचा नाही, नाहीतर ती जेलला तोंड लावत नाहीत. पण घरभर अडगळ असेल तर जेल पण फुकट, कारण शंभर लपायच्या जागा आणि तुमचे ठिपके वीस.

लाजू नका, बिल्डिंगवाल्याला लगेच कळवा. न्यू जर्सीत तीन किंवा जास्त घरांच्या बिल्डिंगमध्ये बंदोबस्त करणं मालकाचं काम आहे, नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात तर त्यासाठी २०१८ चा लोकल लॉ ५५ आहे, त्यात दमा वाढवणारी झुरळं-उंदीर धरलेत. झुरळांच्या विष्ठेने लहान मुलांचा दमा बळावतो, त्यामुळे बाळ असेल तर अजिबात थांबू नका. फोन करू नका, ईमेल करा, फोटो जोडा, तारीख राहते. झुरळं पाईपमधून शेजारून पण येतात, त्यामुळे एकट्या तुमच्या घरात औषध मारून भागत नाही, आजूबाजूची घरं पण तपासा असं त्याच ईमेलमध्ये लिहा.

आणि पेस्ट कंट्रोलवाला यायच्या आधी कपाटं रिकामी करा म्हणून कागद देतात तो मनावर घ्या, सामान भिंतीपासून हाताभर पुढे ओढा. नाहीतर तो दारातून बघतो, तयारी नाही असं लिहितो आणि निघून जातो, पुढची तारीख दोन आठवड्यांनी.