पाणथळीकाठी बांधताय? या चुका टाळा. पहिली म्हणजे मे महिन्यात जागा बघणं

इंदूरचा सिरपूर तलाव आणि जवळचा यशवंत सागर २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेले. २०२५ मध्ये उदयपूरच्या जोडीनं इंदूरला ‘वेटलँड सिटी’ म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून आमच्या ऑफिसात अधूनमधून कुणीतरी मोबाइलवर तेच चित्र घेऊन येतं: तळ्यात पाय सोडून बसलेली लाकडी इमारत, समोर अखंड काच, छपरावर गवत. चित्र कुठल्यातरी थंड देशातलं असतं. त्यात माळव्याची काळी माती नसते आणि भाद्रपदही नसतो.

जागा बघायला हे लोक येतात ते मे महिन्यात. पाणी आटलेलं, जमीन दगडासारखी, गाडी थेट काठापर्यंत जाते. सोयीचं असतं सगळं.

मीही एकदा तसाच गेलो होतो. इंदूरपासून तासाभरावरचा एक तलाव. नाव सांगत नाही, कारण नकाशावर सही माझी आहे. एक माहिती दालन, तिकिटाची खिडकी, दोन संडास, एवढंच काम. सर्व्हेवाल्यानं दोन दिवसांत लेव्हल घेतल्या, आम्ही जोतं दोन फूट उंच धरलं आणि स्वतःवर खूश झालो. बाभळीखाली एक गवळीकाका बसले होते. ते म्हणाले, “बाबूजी, भादों में यहाँ मेरी भैंसें तैरती हैं.” आम्ही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला. दुसऱ्या वर्षी पाणी उंबऱ्याला टेकलं आणि अकरा दिवस तिथंच थांबलं. आत शिरलं नाही, म्हणून आम्ही पोहे-जलेबी मागवून आनंद साजरा केला. खरा प्रकार नंतर कळला. भोवतीची काळी माती पाणी पिऊन फुगली, मधली, इमारतीखालची, कोरडीच राहिली. कडा उचलल्या गेल्या, दारं चौकटीत अडकली, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. मार्चपर्यंत माती आकसून कडा खाली बसल्या, आणि भेगांत बोट जाऊ लागलं. मालकांनी प्लास्टर करून घेतलं. पुढच्या दिवाळीत पुन्हा प्लास्टर. पाया चार फुटांचा असताना प्लास्टर काय करणार?

आता माझी सवय अशी आहे: एक पावसाळा जाऊ दिल्याशिवाय रेघ ओढत नाही. पाणी सर्वांत चढतं त्या आठवड्यात जाऊन झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगाची खूण करतो. म्हशीवाल्यांना, मासेमारांना विचारतो, आणि ते सांगतील त्याहून वर हातभर सोडतो. कायद्याचंही बंधन आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांप्रमाणे दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम चालत नाही. ते ५० मीटर मे महिन्यातल्या पाण्याच्या कडेपासून मोजणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पाया अंडर-रीम्ड पाइलचा घ्या, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब. ओल बदलत नाही त्या खोलीपर्यंत तो जायला हवा. काळ्या मातीत साडेतीन मीटरपेक्षा कमी खोलीचं बोलूच नका. खांबांवरच्या बीमखाली तीन-साडेतीन इंच मोकळी जागा सोडा, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. कामगार त्या फटीत हमखास मुरूम ठोकून भरतात, त्यांना ते व्यवस्थित दिसतं. त्या दिवशी साइटवर स्वतः उभे राहा. भराव घालून जागा उंच करणं तर विसराच. तो भराव तळ्याचा पसरट काठ खातो आणि पाणी शेजारच्या शेतात ढकलतो.

दुसरी आवडती चूक शोषखड्ड्याची, आणि तिचं मूळही मे महिन्यातच आहे. खड्डा खणतात, बादली ओततात, पाणी गटागटा उतरतं. ‘जमीन छान शोषते’ असा शेरा पडतो. अहो, पाणी मातीत मुरलं नाही, भेगांत गेलं! जुलैत भेगा मिटतात, खड्डा काठोकाठ भरतो, संडास गुडगुडायला लागतो आणि मैला पावसाच्या पाण्याबरोबर उतारानं तळ्यात जातो. म्हणजे पक्षी दाखवायला केंद्र काढायचं आणि त्यांच्याच पाण्यात हे. बादलीची परीक्षा ऑगस्टमध्ये घ्या. सकाळचं पाणी संध्याकाळी तिथंच दिसलं तर शोषखड्डा रद्द. मी आतून आडभिंती असलेली बंद टाकी करतो आणि पुढे तळ पक्का बंद केलेला खडीचा वाफा, त्यात कर्दळ. माप रविवारच्या गर्दीचं धरतो आणि सगळं पूररेषेच्या वर, तळ्यापासून दूर ठेवतो.

काचेबद्दल थोडक्यात. पक्ष्याला काचेत आकाश दिसतं आणि तो सरळ येऊन आदळतो. एक ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही. ठिपके किंवा रेघा पूर्ण काचेवर, बाहेरच्या बाजूनं, दोन इंचांहून जास्त मोकळी जागा न सोडता लावा. नाहीतर काचच नको. पक्षी बघायला भिंतीत आडव्या फटी ठेवा, एक लहान मुलांच्या आणि व्हीलचेअरच्या उंचीला. समोरासमोरच्या भिंतींत मात्र फटी नकोत. मागून उजेड आला की आतल्या माणसाची सावली बदकांना स्पष्ट दिसते आणि थवा उडून जातो.

बांबू स्वस्त म्हणून कच्चा वापरू नका, भुंगा पोखरतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घ्या; मुरवलेलाही पावसापासून झाकलेला आणि जमिनीपासून वर हवा, कारण ते मीठ पाण्यानं धुऊन जातं.

रात्रीचे दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले, आणि गेट बंद झालं की बंद.

छपरावर गवत? एप्रिलमध्ये त्याला पाणी कोण घालणार ते आधी ठरवा.

राहिला कामाचा मोसम. हिवाळी पाहुणे ऑक्टोबरपासून यायला लागतात, मार्चपर्यंत मुक्काम असतो. पावसाळ्यात सारस घरटी घालतात आणि तसंही चिखलात खोदकाम होत नाही. उरला एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा. ठेकेदार म्हणतो, एवढ्यात होणार नाही. मग दोन उन्हाळे घ्या: पहिल्यात पाइल, दुसऱ्यात बाकीचं. मधल्या पावसाळ्यात नुसते खांब उभे असतात, पाणी तिथवर चढलंच तर त्यांच्यावर रेघ उमटते. ती जोत्याच्या ठरवलेल्या उंचीशी ताडून बघता येते. उद्घाटनाची तारीख आधीच छापून आणणाऱ्यांना मी हल्ली चहा पाजून परत पाठवतो.