कॉन्टॅक्ट रेडिएशननंतर गाठ गेली का? तपासताना या चुका टाळा

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया आणि पोटावरची पिशवी टळावी, म्हणून काही निवडक रुग्णांना कॉन्टॅक्ट रेडिएशन देतात. फ्रान्समधल्या लियाँचे डॉ. जाँ पापियाँ यांनी रुळवलेली ही पद्धत. गुदद्वारातून नळी आत घालून तिचं तोंड थेट गाठीवर टेकवतात आणि ५० किलोव्होल्टचे क्ष-किरण सोडतात. एका वेळी साधारण ३० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा. जोडीला बाहेरून नेहमीचा शेक, म्हणजे यंत्राने दिलेलं रेडिएशन, आणि बहुतेकदा केमोच्या गोळ्या. शेक संपला, की खरा पेच पडतो: गाठ गेली, की दडून बसली आहे?

सगळ्यात महागात पडते ती घाई. ९० ग्रे एवढा मारा झाल्यावर त्या जागी जखम होणारच, आणि ती भरायला कधी कधी महिनोन् महिने लागतात. दुर्बिणीतून तिथे पांढुरका थर धरलेला अल्सर दिसतो. ज्याने अशी जखम पूर्वी पाहिलेली नाही, तो ‘कॅन्सर शिल्लक’ असं लिहून मोकळा होतो, आणि त्या एका ओळीवरून ऑपरेशनची तारीखही ठरू शकते. कॉन्टॅक्ट आणि फक्त बाहेरचा शेक यांची तुलना करणाऱ्या, युरोपात झालेल्या ‘ओपेरा’ चाचणीत उपचार सुरू झाल्यापासून १४, २० आणि २४ व्या आठवड्यात तपासणी ठेवली होती, ती याचसाठी. अल्सर मागच्या खेपेपेक्षा उथळ आहे का, कडा मऊ पडल्या का, हे दोन तपासण्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून शक्यतो एकाच डॉक्टरांनी पाहावं, आणि दर वेळचे दुर्बिणीचे फोटो फाईलला लावून ठेवावेत.

घाईचीच सख्खी बहीण म्हणजे ‘एक तुकडा काढून बघू या’. बायोप्सीत काही सापडलं नाही, तरी निर्धास्त होता येत नाही, कारण उरलेल्या पेशी वरच्या अस्तराखाली असू शकतात. शिवाय शेकलेल्या जागेतून तुकडा काढला, की नवी जखम होते आणि तीही लवकर भरत नाही. मग पुढच्या वेळी दिसणारा अल्सर किरणांचा की बायोप्सीचा, हा आणखी एक घोळ!

बोटाने तपासणं हल्ली मागे पडलंय. माझ्या मते हे चूकच. गाठ खरोखर गेली असेल, तर दुर्बिणीत सपाट पांढरा व्रण दिसतो, त्यावर बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी असते आणि बोटाला ती जागा गुळगुळीत लागते. वरून सगळं छान दिसतंय, पण बोटाला कडक गुठळी लागतेय, तर संशय धरायलाच हवा.

एमआरआयच्या फॉर्मवर नुसतं ‘रेडिएशन झालं’ असं लिहू नका. कॉन्टॅक्ट रेडिएशन, त्याच्या तारखा आणि आधीचा एमआरआय, तिन्ही सोबत द्या. नाहीतर सूज आणि अल्सर यांनाच गाठ समजलं जातं. गुदाशयात गॅस असेल, तर एमआरआयमधल्या ‘डिफ्यूजन’ या खास प्रकारच्या चित्रात भलतंच काही चमकतं. पण एमआरआय टाळूनही चालत नाही. कॉन्टॅक्टचे किरण काही मिलिमीटरच खोल जातात, आणि भिंतीबाहेरच्या लसिका ग्रंथी दुर्बिणीला दिसत नाहीत.

रक्त दिसलं, की घरचे हादरतात. ‘ओपेरा’त कॉन्टॅक्ट घेतलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना नाजूक रक्तवाहिन्यांमुळे असा रक्तस्राव झाला, फक्त बाहेरून शेक घेतलेल्यांत तो १२ टक्के होता. तीन वर्षांनंतर तो ओसरला. तरी ‘शेकामुळेच असेल’ असं घरबसल्या ठरवू नका, दाखवून या.

आणि ‘सगळं गेलं’ हे ऐकल्यावर फेऱ्या बंद करू नका. ‘ओपेरा’त तीन वर्षांनी कॉन्टॅक्टवाल्यांपैकी ८१ टक्क्यांचा गुदाशय शाबूत होता, दुसऱ्या गटात ५९ टक्क्यांचा, म्हणजे चांगल्या गटातही सगळ्यांचा नाही. ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलेल्या ८८० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदी २०१८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या बहुतेकांना कॉन्टॅक्ट दिलेलं नव्हतं, पण धडा इथेही लागू पडतो. दोन वर्षांत सुमारे २५ टक्क्यांची गाठ परत आली, आणि परतलेल्या गाठींपैकी ९७ टक्के आतड्याच्या भिंतीतच होत्या, म्हणजे बोटाच्या किंवा दुर्बिणीच्या टप्प्यात. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण. लवकर सापडली, तर बहुतेकदा तेव्हाही ऑपरेशन करता येतं. पुढची तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून उठू नका.