व्यायाम आणि इन्सुलिन संवेदनशीलता : या चुका टाळा

नियमित व्यायाम करूनही साखर आटोक्यात येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांचे चुकते ते बहुधा व्यायामाच्या वेळापत्रकात. इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लूट-४ ही वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशींच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. हा थेट परिणाम काही तासांत ओसरतो. इन्सुलिनला स्नायूंनी अधिक दाद देण्याची स्थिती, म्हणजेच वाढलेली इन्सुलिन संवेदनशीलता, मात्र साधारण 24 ते 48 तास टिकते. त्यामुळे रविवारी दोन तास चालून उरलेला आठवडा बसून काढणाऱ्याला बुधवारी त्या श्रमाचा फारसा लाभ उरलेला नसतो. आठवड्याची किमान 150 मिनिटे विभागून घ्यावीत आणि सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये.

केवळ चालण्यावर भिस्त ठेवणे ही दुसरी चूक. वजने उचलणे, उठाबशा यांसारख्या ताकदीच्या व्यायामाने स्नायू वाढतात, म्हणजेच साखर साठवण्याची कोठारे वाढतात. उतारवयात स्नायू झिजत असताना तर हे टाळून चालतच नाही. असा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून करावा.

अतितीव्र व्यायामानंतर लगेच साखर मोजून काहीजण घाबरतात. अशा वेळी ॲड्रेनालिनमुळे यकृत रक्तात साखर सोडते आणि आकडा तात्पुरता चढतो, म्हणून तेवढ्यावरून व्यायाम निरुपयोगी ठरवू नये. वजनकाट्यावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण वजन तसेच राहूनही संवेदनशीलता सुधारू शकते. सकाळी तासभर घाम गाळून पुढे दिवसभर खुर्ची न सोडणेही तितकेच चुकीचे. दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे.

सर्वांत धोकादायक चूक औषधांविषयीची आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामादरम्यानच नव्हे, तर काही तासांनी, अगदी झोपेतही उतरू शकते. त्यांनी व्यायामापूर्वी साखर मोजावी, ती दर डेसिलिटरला 90 मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास आधी थोडे कर्बोदकयुक्त खावे, आणि व्यायाम वाढवताना औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.